एक झाकून

सदुसष्ट नंबरच्या फॉर्मवर दैवशालाचा हात थांबला तेव्हा शनिवारची दुपार होती आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला होता. मिक्सर बंद झाला, पुन्हा सुरू झाला, शेंगदाण्याच्या कुटाचा वास जिन्यातून वर आला, तरी हात तिथंच. जेवणाच्या टेबलावर दोन गठ्ठे होते. डावीकडे मागआळीचे एकशे बावीस फॉर्म, उजवीकडे माळवस्तीचे एकशे बारा. मुरुम गावाच्या दोन टोकांना असलेल्या या दोन वस्त्या. दोन्हींतली माणसं बाहेरून आलेली, दोन्ही निजामाच्या अमदानीतली, आणि आली तेव्हा दोघांकडेही जमिनीचा तुकडा नव्हता. मागआळीतले तेलंगणाच्या अंगानं हातमाग घेऊन आले, माळवस्तीतले बिदरच्या अंगानं मेंढरं घेऊन. नव्वद वर्षांनंतर कोण कुठवर पोचलं, हे दैवशाला दोन वर्षं मोजत होती. धाराशिवच्या कॉलेजात ती अर्थशास्त्र शिकवायची, आणि या मोजणीचा अहवाल सोमवारी जिल्ह्याच्या समितीपुढं ठेवायचा होता; मुलींचं वसतिगृह कुठल्या वस्तीला द्यायचं, ते समिती त्यावरून ठरवणार होती. अहवाल लिहून झाला होता. फॉर्मांवरून शेवटची नजर फिरवायची, एवढंच राहिलं होतं, आणि तेही तिनं सवयीनं काढलेलं काम होतं, कारण तिला कुठलंही काम संपलं की बेचैन व्हायला होई.

घर क्रमांक सदुसष्ट, माळवस्ती. कुटुंबप्रमुख हरिबा, वय अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय मेंढपाळ. अपत्ये एकूण, हयात, घरात किंवा बाहेरगावी: दोन. पहिलं, महारुद्र, एकोणपन्नास, चौथी, मेंढपाळ. दुसरं, शिवकन्या, पंचेचाळीस, सातवी, विवाहित, लोहारा. कुटुंबातील पदवीधर: निरंक. अक्षर गोल आणि स्वच्छ होतं. हरिबा म्हणजे दैवशालाचे वडील, अप्पा. महारुद्र तिच्याहून वर्षानं मोठा भाऊ, शिवकन्या धाकटी बहीण. मधल्या जागी कुणी नव्हतं. तिनं फॉर्म उलटून मागची बाजू पाहिली, जणू मागं कुठंतरी आपण सापडू. मागं अंगठा होता आणि तारीख होती.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते असं, की फॉर्म भरणाऱ्या मुलीनं घाई केली. दुसऱ्यांदा आलं, की घाई केलेली दिसत नाही. 'हयात, घरात किंवा बाहेरगावी' या शब्दांखाली त्या मुलीनं पेन्सिलीनं रेघ मारली होती, म्हणजे तिनं प्रश्न मोठ्यानं वाचला होता, कदाचित दोनदा. हा प्रश्न दैवशालानंच घडवला होता. तीन दिवस तिनं त्या एका ओळीवर घालवले होते, एकही माणूस निसटू नये म्हणून. आणि मग तिसऱ्यांदा, जरा उशिरानं, तिला राग आला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला येऊ नये असा, लहान मुलीचा राग. तिला मुरुमचा बाजार आठवला. वीस वर्षं झाली असतील. ती नुकती प्राध्यापक झाली होती, अंगावर नवी साडी, आणि अप्पांबरोबर भाजी घेत होती. कुणी ओळखीचा म्हातारा भेटला, म्हणाला, ही कोण रं हरिबा? अप्पा म्हणाले होते, "पावनी हाय. लातूरकडची." आणि पुढं कांद्याचा भाव विचारला होता. ती तेव्हा काही बोलली नाही. पीएच.डी. झाल्यावर गावात सत्कार ठेवला तेव्हा अप्पा आले नाहीत, मेंढराला बरं नाही असा निरोप आला, तेव्हाही काही बोलली नाही. पण या गोष्टी तिनं नीट जपून ठेवल्या होत्या, आणि वर्षाकाठी एकदोनदा काढून बघायची. आज त्यांत एक कागद वाढला होता, अंगठ्यानिशी.

तिनं चहा केला. चहा करताना तिला घोंगडी दिसली. दिसली म्हणजे डोळ्यांपुढं आली, काळी, एका कोपऱ्याला उसवलेली. दिवस मावळताना मेंढरं काट्यांच्या कुंपणात घेतली की अप्पा मोजायचे. जोड्यांनी मोजायचे, भराभरा, निम्मं मराठीत निम्मं कानडीत. पण मोजायच्या आधी कळपातलं सगळ्यांत गुणाचं जनावर हाताशी ओढायचे, गुडघ्यांत धरायचे आणि त्याच्या पाठीवर घोंगडीचा तो उसवलेला कोपरा टाकायचे. मग बाकीची मोजायचे. एकोणचाळीस असली तर अडतीस म्हणायचे. एक झाकून. कुणी विचारलं किती मेंढरं, तर अडतीस. पूर्ण आकडा तोंडानं उच्चारला की नजर लागते, आणि नजर लागते ती नेमकी चांगल्याला, म्हणून चांगलंच झाकायचं. जनावरांचं तसं माणसांचं. माळवस्तीत कुठल्याच घरी लेकरांचा पूर्ण आकडा कुणी सांगत नसे. त्याचं कुणी शिक्षण दिलं नव्हतं, नियम म्हणूनही कुणी सांगितला नव्हता. पाणी कसं प्यायचं हे जसं कळतं तसं कळायचं. चहा उतू गेला. दैवशालानं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. आपण हे विसरलो कसं, याचं तिला प्रामाणिक आश्चर्य वाटलं.

मग ती टेबलाशी आली आणि तिनं उजवा गठ्ठा पहिल्यापासून चाळायला घेतला, आता नुसत्या नजरेनं नाही, आठवणीनं. घर क्रमांक बारा: अपत्ये तीन. त्यांची चौथी सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, ती फॉर्मात नव्हती. एकतीस: दोन मुलगे, दोन्ही मजूर. तिसरा सैन्यात आहे, सुभेदार, त्याच्या लग्नाला ती स्वतः जेवून आली होती, तो नव्हता. चाळीस, कोंडीरामचं घर: एक मुलगी, बारावी नापास. कोंडीरामचा मुलगा हैदराबादेत कॉम्प्युटरमध्ये आहे, त्याची गाडी दिवाळीत वस्तीच्या तोंडाशी अडकली होती आणि अर्धी वस्ती ती ढकलायला गेली होती. तो मुलगा नव्हता, गाडीही नव्हती. तिला माहीत असलेले असे एकोणीस निघाले. न माहीत असलेले किती असतील, देव जाणे. प्रत्येक घरात एक माणूस कमी, आणि जो कमी तोच शिकलेला. मग तिनं डावा गठ्ठा ओढला. मागआळीत सगळे होते. ताण्यातला एक धागा राहिला तर कापडात दिसतो, अशा कामात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना कुणाला वगळणं सुचणार कसं! पोरं होती, पोरी होत्या, वारलेल्यांचीही नावं सांगून मग त्यावर काट मारलेली होती. एका घरानं तर जावयाची तलाठ्याची नोकरी मोठ्या अक्षरात सांगितली होती आणि भरणाऱ्या मुलानं ती 'शेरा' या रकान्यात बिचाऱ्यानं दाटीवाटीनं बसवली होती. दैवशालाला हसू आलं. ती मोठ्यानं हसली. आतल्या खोलीतून राजेश्वरीनं, तिच्या धाकट्या मुलीनं, डोकं बाहेर काढलं. "काय झालं गं आई?" "काही नाही," दैवशाला म्हणाली, आणि तिचं हसू जितक्या पटकन आलं तितक्याच पटकन गेलं.

कारण अहवालाच्या सातव्या प्रकरणात एक वाक्य होतं. 'माळवस्तीतील कुटुंबांमध्ये उच्च शिक्षणाची ओढ मागआळीच्या तुलनेत लक्षणीयरीत्या कमी दिसते.' आणि मग चार पानं कारणं होती. भटकं जगणं, वस्तीचं गावापासूनचं अंतर, एकमेकांना धरून वर जाण्याच्या संस्थांचा अभाव, घरात आदर्श ठरेल अशा माणसाची उणीव. भाषा चांगली जमली होती. जे घडलंच नव्हतं त्याची इतकी पटणारी कारणं तिला सापडली होती. हे वाक्य सोमवारी समितीपुढं जाणार, तिथून ते दुसऱ्या कागदांत जाणार, आणि पुढं वीस वर्षं जो कुणी मुरुमवर लिहील तो ते उचलणार. लिहिणारी बाई त्याच वस्तीतली आहे म्हटल्यावर तर कुणी शंकाही घेणार नाही. भरीला तिची हुशारी अशी, की माणसं आपल्या माणसापुढं फुशारकी मारतात म्हणून तिनं माळवस्तीचे फॉर्म मागआळीच्या विद्यार्थ्यांकडून भरून घेतले होते आणि मागआळीचे माळवस्तीच्या. या युक्तीवर तिनं वर्गात वीस मिनिटं व्याख्यानही दिलं होतं. माळवस्तीचं एखादं पोर जरी त्या घरांत गेलं असतं, तरी परत येऊन म्हणालं असतं, मॅडम, ह्यांनी एक झाकलंय. दुरुस्ती मात्र सोपी होती. उद्या रविवार. वस्तीत जायचं, घरोघर विचारायचं, कोण झाकलंय तुम्ही? एकशे बारा घरं, घराला दोन मिनिटं. आणि तिच्या लक्षात आलं, की मगाचचा राग आता तिथं नाही. त्या जागी काहीतरी दुसरं होतं, आणि त्याकडं ती मुद्दाम बघत नव्हती.

रविवारी सकाळच्या एसटीनं ती निघाली. राजेश्वरी बरोबर आली. आईचा गुडघा दुखतो आणि एकशे बारा घरं हिंडायची म्हणते, म्हणून आली. या मुलीचं असंच होतं. गॅसचा नंबर लावणं, लाइटबिल, आजोबांच्या डोळ्यांचे थेंब, सगळं तिच्याकडं. बारावीला मार्क कमी पडले तेव्हापासून ती बी.ए. करत होती आणि लग्नसराईत मेंदी काढायला जात होती, आणि कुणी नाव ठेवावं असं तिच्यात काही नव्हतं. थोरली हर्षाली पुण्याला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिच्याविषयी दैवशाला फार बोलत नसे. कॉलेजातल्या बायका मुलांचे निकाल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत, पेढे वाटत, तेव्हा ती विषय बदलायची. आपल्याला मिरवायला आवडत नाही, असं तिचं स्वतःविषयी मत होतं. कंडक्टरनं न विचारता दोन हाफ तिकिटं फाडली. नळदुर्ग गेलं. राजेश्वरी खिडकीला डोकं टेकून झोपली आणि येणेगूरच्या फाट्यावर आपोआप जागी झाली. बसमध्ये दैवशालानं सातव्या प्रकरणाची नवी सुरुवात मनातल्या मनात तीनदा लिहिली.

अप्पा लिंबाखाली बाजेवर बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या डोळ्याला हिरवा चष्मा. महारुद्रच्या बायकोनं पाणी दिलं आणि ती भाकरीकडं गेली, राजेश्वरी तिच्या मागं. दैवशाला बाजेपुढं पोत्यावर बसली आणि थोडा वेळ शिवकन्येच्या सासरचं, पाण्याचं, डोळ्याचं बोलणं झाल्यावर म्हणाली, "अप्पा, सर्वेवाली पोरगी आलती नव्हं मागं?"

"आलती की. लई गुणाची पोरगी. मागवाल्याची हुती. उनाचं आली, पानी दिलं तर पेली बी."

"तिला लेकरं किती सांगितली तुम्ही?"

"दोन."

"तुम्हाला तीन हायत, अप्पा."

"हायत की. न्हाय कुनी म्हन्लं?"

"मग तिसरी कुठंय?"

अप्पांनी चष्मा सारखा केला. "ही काय, म्होरं बसलीया."

त्यांना वाटलं असावं की हिला कळलं नाही. ते जरा पुढं वाकले आणि आवाज खाली आणला. "आगं, त्येंच्या कागदाला काय, कुनाच्या बी हाती जातुया. कोन वाचंल, कसल्या डोळ्याचं आसंल. खामखा कशाला? लिव्हल्यालं दिसतं. न लिव्हल्याल्याला काय हुत न्हाय." मग सरळ होऊन ते म्हणाले, "ती पोरगी लई खोदून इचारत हुती, की आज्जा, भाईर कुनी हाय का, नोकरीला कुनी हाय का. म्या म्हन्लं, न्हाय बाई. कुनी न्हाय."

बाजारातली पाहुणी, सत्काराच्या दिवशीचं आजारी मेंढरू, सगळं एकदम दैवशालापुढं आलं आणि सगळं उलटं झालं. तिला आनंद झाला. दुसरा शब्द नव्हता. सदुसष्ट नंबरच्या फॉर्मात आपण नाही, याचा तिला इतका आनंद झाला की तो लपवायला तिला उठून उभं राहावं लागलं. महारुद्रअण्णा कुठंय, असं तिनं उगाच विचारलं, कारण कातरीचा आवाज घराच्या मागून मघापासून येत होता.

महारुद्र मागच्या सावलीत लोकर कातरत होता. मेंढराचे पाय बांधून त्याला कुशीवर निजवलं होतं आणि कातर पोटाकडून पाठीकडं चालली होती. "आलीस? बस," तो म्हणाला, आणि पायानं एक वीट तिच्याकडं सरकवली. ती बसली. त्याच्याजवळ बसलं की तिला नेहमी बरं वाटायचं. लोकरीचा तेलकट वास, त्याच्या मनगटावरचे ओरखडे, आणि तो न बोलता काम करायचा ते. पण आज तिला बोलायचं होतं. तिनं त्याला सगळं सांगितलं, झालेली चूक, सातवं प्रकरण, एकोणीस माणसं, आणि आता ती कशी घरोघर जाऊन ती ओळ भरून घेणार आहे. सांगताना ती हसत होती. एकशे बारा घरांत शिकलेलं माणूस निघालं तर माळवस्ती मागआळीच्या बरोबरीला येईल अण्णा, कदाचित पुढंही जाईल, असं ती म्हणाली. महारुद्रनं पाठ संपवली, मेंढराला दुसऱ्या कुशीवर वळवलं आणि मग म्हणाला, "त्या दिशी म्या हितंच हुतो."

"कुठल्या दिवशी?"

"ती पोरगी आलती तवा. म्याच पानी दिलं तिला. तिनं इचारलं, लेकरं किती. अप्पा म्हन्ले, दोन. आन् पयलं नाव माजं घेतलं." कातर थांबली. "खरं सांगू का दैवू, मला लई बरं वाटलं. एवढ्या वर्षात माजं नाव कुनाम्होरं घेतलं नव्हतं त्येंनी. बरं वाटलं. मग दुसरं नाव शिवीचं आलं, आन् तिनं कागुद उलटला. मग ध्यानात आलं."

पुढचं त्यानं सांगितलं नाही, कारण ते दोघांनाही माहीत होतं. लहानपणी एका जूनमध्ये शाळेचे गुरुजी वस्तीवर पट नोंदवायला आले होते. दैवशाला सहा वर्षांची, महारुद्र सातचा. गुरुजींच्या हातात लाल पुठ्ठ्याची वही होती आणि घामानं त्यांची टोपी ओली झाली होती. अप्पा म्हणाले होते, दोन पोरी हायत. पोरगा न्हाय का? न्हाय जी. त्या वेळी महारुद्र घराच्या मागं, आता बसला होता तिथंच, शेळीचं दूध काढत होता. सगळं ऐकत होता. घरात एकच मुलगा, म्हणून तो झाकलेला. पोरी मोजायला हरकत नव्हती. गुरुजींनी दैवशालाचं नाव वहीत लिहिलं, आणि लिहिलं म्हणून नेटानं चार वेळा वस्तीवर येऊन तिला शाळेत नेलंही. ज्याचं नाव नाही त्याला न्यायला कोण येणार? पुढच्या साली घालू, असं अप्पा म्हणायचे. पुढच्या साली तो मेंढरांमागं पक्का झाला होता. मधे चारदोन वर्षं जाऊन येऊन चौथीपर्यंत पोचला. लहानपणी दैवशालाला वाटायचं, एकदा तरी आपल्याला झाकावं. घोंगडीचा तो कोपरा आपल्या डोक्यावर यावा. गुरुजी निघून गेल्यावर ती रडली होती, आपलं नाव सांगितलं म्हणून. मग कधीतरी, कुठल्या वर्षी ते तिला आता ठरवता येईना, दहावीच्या निकालाला की नोकरी लागली तेव्हा, अप्पांनी तो कोपरा एकाच्या डोक्यावरून काढून दुसरीच्या डोक्यावर टाकला होता. कुणाला काही न सांगता. कोपरा हलला त्या दिवशी या घरात जे झालं ते कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं.

"तू आता घरोघर जानार," महारुद्र म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मेंढरं कुठं न्यायची ते सांगावं तसा तो बोलत होता. "आन् इचारनार, तुमी कोन झाकलंय. कोंडीराम सांगंल, माजा पोरगा. लई खुशीनं सांगंल. आन् ती त्येची पोरगी, बारावीची, ती तिथंच आसंल की. च्या तीच आनून दिल तुला." त्यानं दोरी सोडली. मेंढरू उठलं, अंग झाडलं आणि निम्म्या वजनाचं होऊन पळालं. "तिला आजपातुर ठाव हाय पर कुनी बोलल्यालं न्हाय. तू बोलशील."

"मग काय करू? चूक तशीच ठेवू?" तिनं विचारलं. तिचा आवाज वर्गातला झाला होता.

"मला काय कळतंय त्येतलं," तो म्हणाला. "तू शिकल्याली हायस." आणि हे त्यानं कौतुकानंच म्हटलं, हे तिला सहन होईना.

ती कुणाच्याच घरी गेली नाही. दुपारी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी झाली. राजेश्वरीनं अप्पांच्या मोबाइलमध्ये अक्षरं मोठी करून दिली आणि मामीच्या दोन्ही हातांवर मेंदी काढली. वस्तीतून चालताना कोंडीरामच्या दाराशी त्याची मुलगी कडबा आत घेत होती, ती "आत्या, च्या घेता का?" म्हणाली. दैवशाला नको म्हणाली आणि चालण्याचा वेग वाढवला. सातवं प्रकरण काढून टाकायचं, असं तिनं थांब्यावर पोचेपर्यंत ठरवलं. दोन आकडे एका मापानं मोजलेले नाहीत, माळवस्तीची आकडेवारी तुलनेला योग्य नाही, एवढं लिहायचं, का ते मात्र लिहायचं नाही. समिती चिडेल. दोन वर्षांचं काम ते, तुलना करायला घेतलेलं, आणि तुलनाच नाही. वसतिगृह कुणाला द्यायचं ते दोन्हींकडच्या मुली किती लांबून येतात ते बघून द्या म्हणावं, ते मोजता येतं. तिला वाईट वाटलं, पण वाटेल असं वाटलं होतं तितकं नाही. चूक समजली, ती वाढवली नाही, आणि घरात कुणाला दुखवलंही नाही, असा एक शहाणपणाचा हिशोब तिनं उभ्या उभ्या मांडला, आणि तो तिला पटलाही.

पाचची गाडी भरून आली. तीन माणसांच्या बाकावर खिडकीशी एक म्हातारी होती, मांडीवर शेवग्याच्या शेंगांची पिशवी. मधे दैवशाला बसली, कडेला राजेश्वरी. म्हातारीला बोलायला माणूस हवंच होतं. कुठल्या, कुणाच्या, मालक काय करतात, हे गाव संपायच्या आत झालं. मग तिनं मायेनं विचारलं, "लेकरं किती वो बाई तुमाला?"

"एकच," दैवशाला म्हणाली. "ही राजेश्वरी."

तोंडातून गेलं. मधे विचार आला नाही, अडखळणं झालं नाही. पाणी प्यावं तसं गेलं. म्हातारी म्हणाली, छान, गुणाची दिसती. राजेश्वरीनं मान वळवून आईकडं पाहिलं. तिच्या भुवया वर गेल्या, आणि मग चेहरा हळूहळू असा उघडत गेला की दैवशालाला दुसरीकडं बघावंसं वाटलं. अकरावीपासून या मुलीनं हर्षालीची बहीण म्हणवून घेतलं होतं. "ताईनं ऐकलं ना, तर मारेल तुला," ती आईच्या कानाशी पुटपुटली, हसली, आणि हात आईच्या हातात अडकवून तिनं डोकं खांद्यावर टाकलं. तिच्या बोटांना मेंदीचा वास येत होता. दैवशालानं तोंड उघडलं. दोन आहेत, एक पुण्याला असते, डॉक्टर होणार आहे. एवढंच म्हणायचं होतं. म्हातारी साधी होती, तिच्या डोळ्यांत काही वाईट नव्हतं. गाडी माळ उतरली, येणेगूरचा फाटा आला, नळदुर्गला म्हातारी शेंगांची पिशवी सावरत उतरून गेली, तरी ते वाक्य दैवशालाच्या तोंडून निघेना. राजेश्वरीला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं, आणि तिनं डोकं काढलं नव्हतं.